डावं मीटर कुणाचं?

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सला आमच्या चढाच्या गल्लीत बेरिल थॅकरे माझ्या समोरच राहते. शाळेपुढे हातात फलक धरून पोरांना रस्ता ओलांडून देण्यात तिची बावीस वर्षं गेली. बाई भारी काटकसरी. हिवाळ्यात घरातही अंगात दोन स्वेटर, डोक्याला लोकरी टोपी आणि गॅसवरचे हीटर फक्त संध्याकाळी तासभर. तरी गॅसचं बिल यायचं ते लग्नघराचं असावं तसं.

तिच्या भिंतीला भिंत लागून क्लिफर्ड ऑग्डेनचं घर. हा गृहस्थ जानेवारीतही खिडकी उघडी टाकून अर्ध्या बाहीच्या शर्टात बसायचा, दिवसातून दोनदा गॅसवर तापलेल्या वाफाळत्या पाण्यानं अंघोळ करायचा, आणि त्याचं बिल तिच्या निम्मं. वर काटकसर कशी करावी हेही तोच तिला शिकवायचा.

गेल्या हिवाळ्यात बेरिल आठवडाभर बहिणीकडे राहून आली. घरात सगळं बंद होतं, तरी मीटर तीस घनमीटरनं पुढे गेलेलं. तिनं मला बोलावलं आणि आम्ही टेबलावर बिल पसरून बसलो. घनमीटरचा आकडा कंपनी साधारण अकरानं गुणते, म्हणजे युनिट निघतात. त्यात रोजचा ठरलेला आकार मिळवायचा. हिशोब चोख होता. मग आठवडाभर गॅस जाळला कुणी?

दोन्ही घरांची मीटरं मधल्या बोळात शेजारीशेजारी आहेत. कागदोपत्री डावं बेरिलचं. गुरुवारी सकाळी तिनं शेगडी पेटवली, मला राखणीला बसवलं आणि बोळात जाऊन डाव्या मीटरचा गॅस बंद करायचा खटका फिरवला. माझ्यासमोरची ज्योत हललीसुद्धा नाही. पलीकडून मात्र क्लिफर्डची किंकाळी आली.

दोन मिनिटांत तो कमरेला टॉवेल गुंडाळून दारात हजर. डोकं शांपूच्या फेसानं भरलेलं.

"बेरिल, तुझ्याकडे गरम पाणी येतंय का गं? माझं एकदम बर्फ झालं."

बोळातून आलेल्या बेरिलनं त्याला नखशिखांत न्याहाळलं. "माझं येतंय. आणि इतकी वर्षं तुझ्या पाण्याचे पैसे मीच भरतेय, क्लिफर्ड."

त्याला उमजायला वेळ लागला. उमजलं तसा तो मटकन पायरीवर बसला आणि हसत सुटला. मग तीही. फेस गळत होता, टॉवेल मी सावरत होते.

कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. मीटरं बदलताना नंबरांची अदलाबदल झाली होती. माफी मागून त्यांनी जादाचे पैसे परत केले. पैसे मिळाले त्या शनिवारी बेरिलनं सगळ्या खोल्यांतले हीटर लावले आणि पोराचा ताप बघावा तसा एकेकाला हात लावत, "हा पण तापला गं," म्हणत जिन्यावरून वरखाली धावत राहिली.

पुढच्या महिन्यात क्लिफर्ड आपलं पहिलं खरं बिल समजून घ्यायला तिच्याकडे आला. पहिल्याच पानावर दोघांना असं हसू फुटलं की दुसरं पान उलटायला अर्धा तास लागला.