पाण्यात न उतरलेल्या काकू

मे महिन्यात, फरीदाबादेत, भर दुपारी पंखा बंद करायला लावणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. काकूंच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहायला आले त्याच आठवड्यात हे दर्शन घडलं. जेवणाचं टेबल ओल्या फडक्याने पुसलेलं, खिडक्या लावलेल्या, काकूंच्या केसांवर घट्ट बांधलेला सुती रुमाल आणि समोर ॲल्युमिनियमची, एका बाजूला जाड काच असलेली एक काळी पेटी. "तिथेच थांब. बोलूही नकोस, धूळ हलते," त्या म्हणाल्या. मी घामाने निथळत दारात उभी राहिले.

पेटी काकांची होती. काका केंद्र सरकारच्या एका खात्यात समुद्रातल्या प्रवाळांचा अभ्यास करत. ऑफिस दिल्लीत, जिथे समुद्राचा मागमूस नाही; हे फक्त सरकारलाच सुचू शकतं. वर्षातून एकदा ते अंदमानला जात आणि या पेटीत कॅमेरा बंद करून पाण्याखाली फोटो काढत. काकू पेटीला 'डबा' म्हणत आणि डब्याची सगळी देखभाल त्यांच्याकडे होती. स्वतः मात्र त्या समुद्रात घोट्यापर्यंतही उतरल्या नव्हत्या. "मला विहिरीत डोकावायचीसुद्धा भीती वाटते," असं त्या अगदी सहज सांगत.

हे काम त्यांनी हौसेने घेतलेलं नव्हतं. डबा आणि झाकण यांच्यामधल्या खाचेत रबराची एक बारीक रिंग असते. ती नीट दाबली गेली की पाणी बाहेर राहतं, म्हणजे कुकरच्या रिंगसारखाच प्रकार. लग्नानंतरच्या पहिल्या की दुसऱ्या सफरीत काकांनी या रिंगेला ग्रीस असं चोपडलं, जणू जास्त लावलं तर जास्त सुरक्षित. त्या ग्रीसला वाळू चिकटली, वाळूने फट पाडली आणि सरकारी कॅमेऱ्यात बंगालचा उपसागर शिरला. "पाणी रबर अडवतं, ग्रीस नाही," काकू मला शिकवत. "ग्रीस फक्त रबराला मऊ ठेवायला. रिंग चमकली पाहिजे, ग्रीस दिसता कामा नये." त्यानंतर काकांनी डब्याला हात लावायचा नाही असं ठरलं आणि त्यांनीही ते निमूटपणे मान्य केलं.

काकूंच्या कामाच्या पद्धती मोठ्या मजेशीर होत्या. रिंग काढायला सुई किंवा पिन चालायची नाही, रबराला ओरखडा पडतो. त्या दिवसांत क्रेडिट कार्ड विकणारी मुलं दारोदार फिरत. काकांनी भिडेखातर एक घेतलं होतं आणि कधी वापरलं नव्हतं. मुदत संपल्यावर काकूंनी ते ताब्यात घेतलं आणि त्याच्या कोपऱ्याने त्या रिंग अलगद उचलत. मग डोळे मिटून बोटाचं टोक रिंगेवरून फिरवत. "डोळ्यांना चुकतं ते बोटाला कळतं," त्या म्हणत. फरीदाबादच्या बोअरच्या पाण्याने पांढरे डाग पडतात म्हणून डबा शेवटी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेल्या पाण्याने धुतला जाई. वीज गेली आणि इन्व्हर्टर कुरकुरला, की काका मला म्हणत, "बघ, त्याच्या तोंडचं पाणी हिने डब्याला पाजलं."

शेवटची परीक्षा बाथरूममध्ये. रिकाम्या डब्यात टिपकागदाचा तुकडा ठेवून डबा बंद करून पाण्याच्या बादलीत बुडवायचा आणि तरंगू नये म्हणून वर वरवंटा. तासाभराने उघडून पाहायचं. "कागद ओला, तर कॅमेरा घरी," हा काकूंचा शब्द अखेरचा असे. आणि कॅमेऱ्याशिवाय काका जात नसत. एका वर्षी कागदाला नुसता दमटपणा आला, तर काकांनी कुरकुर न करता तिकिटं पुढची करून घेतली. ऑफिसात सगळ्यांशी भांडणारा हा माणूस बायकोच्या टिपकागदापुढे मान तुकवत असे, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

मग एका वर्षी समुद्राचं पाणी तापलं आणि काका ज्या एका जागेचे फोटो वर्षानुवर्षं काढत होते तिथलं प्रवाळ पांढरंफटक पडलं. काका परतले ते अबोल होऊन. पाठोपाठ ते निवृत्त झाले आणि काही महिन्यांतच त्यांना हार्ट अटॅक आला. डॉक्टरांनी बजावलं, आता पाण्याखाली जायचं नाही, हृदयाला झेपणार नाही. काका हो म्हणाले. आणि हिवाळ्यात परस्पर तिकिटं काढून आणली.

"अहो, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला.

"बिल्कुल कळतंय. रंग परत आला का, एवढं बघून येतो. शेवटचं."

काकूंनी विनवून पाहिलं, अबोला धरून पाहिला. काका बधले नाहीत. शेवटी एका रविवारी त्यांनी डबा टेबलावर आणून ठेवला, तेव्हा काकूंनी नेहमीसारखा रुमाल बांधला, लोकरीचे तंतू झडतात म्हणून थंडीतही शाल बाजूला काढली आणि कामाला बसल्या. मला वाटलं, हरल्या.

कागद ओला निघाला. चिंब. काका डबा घेऊन बाल्कनीत आले. मी तिथे कपडे वाळत घालत होते. त्यांनी कार्डाने रिंग उचलली. रिंगेखाली खाचेत एक लांब पांढरा केस होता. तो पडलेला नव्हता. पडलेला केस वेडावाकडा असतो. हा आतून बाहेर सरळ आडवा ठेवलेला होता. काकांनी तो उन्हात धरला, बराच वेळ पाहिला, मग बोटाभोवती गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाले, "अगं, रबर गेलं. नवीन मिळायला वेळ लागेल. तिकिटं परत करून येतो."

"बरं," काकू म्हणाल्या आणि भाजी परतत राहिल्या.

मी कुणाला काही बोलले नाही. नवरा-बायकोमधलं ते होतं, त्यात भाडेकरूने तोंड घालायचं कारण नव्हतं. पुढे मी पुण्याला बदलून गेले. काका त्यानंतर बरीच वर्षं जगले, पण पुन्हा अंदमानचं नाव त्यांनी काढलं नाही. शेवटचे महिने हॉस्पिटलात, नळ्या लावून. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी काकूंना भेटायला गेले. फरीदाबादेत मॉल उभे राहिले होते, पूल झाले होते, मला घर सापडेना.

काकू लहान झालेल्या दिसल्या. चहा दिला, माझ्या मुलांची चौकशी केली आणि मग एकदम म्हणाल्या, "मीनल, मी त्यांना फसवलं गं. त्या वेळी डबा आपोआप गळला नव्हता. मी माझा केस घातला होता रिंगेखाली." त्यांचे हात मांडीवर निश्चल होते. "त्यांना तेवढा रंग बघायचा होता. मी बघू दिला नाही. शेवटी हॉस्पिटलची भिंत बघत पडून राहिले. तिकडे गेले असते तर निदान मनासारखे गेले असते. आणि मी हे त्यांना कधी सांगितलंही नाही."

मला रडू आवरेना. एवढी वर्षं ही बाई हे एकटीने वाहत होती.

"काकू," मी म्हटलं, "काकांना माहीत होतं. बाल्कनीत त्यांनी तो केस काढला, मी समोर होते. खिशात ठेवला आणि मग तुम्हाला येऊन म्हणाले, रबर गेलं."

बाहेर कुणी तरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"म्हणजे त्यांना मी नाही अडवलं," त्या हळूहळू म्हणाल्या. "ते थांबले."

मी मान हलवली. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि माझा हात हातात घेतला.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "बाल्कनीत आले तिथपासून सांग."

मी सांगू लागले.