दगडावरचा फोटो

हडपसरला आमच्या सोसायटीच्या गेटवर एक वॉचमन आहे. चार वर्षं झाली, पण त्याचं नाव विचारायची मला कधी गरज वाटली नाही. गाडी आत गेली की तो गेटचा दांडा फार हळू खाली आणतो, जणू त्यावर कुणी निजलंय.

राजगड ते रायगड असा चार दिवसांचा ट्रेक करून मी लंगडत परतलो. कौतुक करायला घरी कुणी नव्हतं, म्हणून त्यालाच फोटो दाखवले. एका फोटोत मी घाट उतरणाऱ्या नाळेच्या अरुंद वाटेत, सपाट दगडावर हात पसरून उभा होतो. त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि मला स्क्रीनच्या कडेला सारून दगड पाहिला.

"आमच्याच गावची वाट हाय ही," तो म्हणाला. "बायको बाळंतपणात अडली तवा दांड्याला बांधलेल्या झोळीत घालून खालच्या दवाखान्यात नेत व्हतो. ह्याच दगडावर झोळी टेकवली. मग पुढं काय घाई न्हवती."

मी "अरेरे" म्हणालो. तेवढ्यात एक गाडी आली आणि तो दांड्याकडे गेला.

तो फोटो अजून माझ्या प्रोफाइलवर आहे. छान आलाय.