भाईनं निवडलेली बंदूक

भाई गेल्याचं मला ऑफिसात कळलं. मीटिंगमधून बाहेर येऊन फोन पाहिला, तर अजमानहून त्याच्या शेजाऱ्याचे मिस्ड कॉल. उलट फोन लावल्यावर तो एवढंच म्हणाला, "सलीमभाई, आप आ जाइए... बस, आ जाइए." अबू धाबीहून अजमानपर्यंत गाडी कशी चालवली ते आठवत नाही. सकाळी चहा ठेवताना भाईच्या छातीत कळ आली आणि गॅसपाशीच तो कोसळला, असं मग समजलं. मय्यत गावी न्यायची का, असं लोकांनी विचारलं. मी नको म्हणालो. दुसऱ्या दिवशी इथंच माती दिली. गावी जायला तो आयुष्यभर कचरत आला होता आणि त्याचं कारण मी होतो. खरं तर माझा डावा डोळा.

आमचं गाव रत्नागिरीकडचं. भातात रानडुकरं उतरायची म्हणून अब्बांकडे लायसन्सची एकनळी बंदूक होती, बाराबोरची. भाई बारा वर्षांचा झाला तेव्हा अब्बांनी ती त्याच्या हातात दिली. घरात केवढं कौतुक! अम्मीनं शिरखुर्मा केला होता. मी आठ वर्षांचा, भाईच्या मागे शेपटासारखा. पहिल्याच संध्याकाळी आम्ही तिघं शेताच्या कडेला गेलो. डुक्कर दिसलं, भाईनं बंदूक उचलली, दस्ता खांद्यावरून घसरला आणि बार बाजूच्या कातळावर गेला. तिथून उडालेला एक छर्रा माझ्या डोळ्यात शिरला. अब्बांनी मला पाठीवर घेतलं, धावत सुटले. भाईचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. मी रडत नव्हतो, तोच रडत होता. पुढच्या आठवड्यात अब्बांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि घरात तो विषय संपला.

माझ्यापुरता तरी संपला. एका डोळ्यानं माझं काही अडलं नाही. शिकलो, नोकरी लागली, लग्न झालं. भाईचं मात्र सगळं तिथंच अडकलं. शाळा सोडून तो आखातात आला, शारजात टाइल्सच्या गोदामात लागला, मला शिकवलं, पुढं इथं बोलावून घेतलं. स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "लेकरं सांभाळायला हात पक्के लागतात." रस्त्यानं चालताना तो नेहमी माझ्या डाव्या बाजूला असायचा. त्या बाजूनं येणारी गाडी मला दिसत नाही म्हणून. कितीदा म्हणालो असेन, "भाई, अपघात होता तो. खलास कर ना आता." तो मान हलवायचा आणि गप्प व्हायचा.

गेल्या वर्षी माझी मुलगी सना बारा वर्षांची झाली. तिच्या वर्गात एक अरबी मैत्रीण आहे, त्यांच्या घरचे सगळे शिकारीला परदेशी जातात. सनानं धोशा लावला, "बाबा, आय वॉन्ट टु लर्न शूटिंग." इथं क्लबात हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायला शिकवतात. मुलांना क्लबचीच बंदूक मिळते, पण पहिली बंदूक अंगाला बसेल अशी नीट निवडावी लागते. मला त्यातलं काय कळतं? माझी बायको नसरीन म्हणाली, "वाट्टेल त्याला विचारा, पण भाईंना विचारू नका." तरी मी विचारलं. वाटलं, इतक्या वर्षांनी हे त्याच्याच हातून व्हावं, त्याच्या मनातली गाठ सुटेल... त्यानं फोन ठेवून दिला. बरेच दिवस त्याचा फोनही आला नाही. मग एका शनिवारी बसनं सरळ अबू धाबीला, आमच्या अल रीमच्या घरी हजर. बूट काढता काढता म्हणाला, "शिकायचंच असेल तर बंदूक मी निवडणार. दुसऱ्या कुणी दिलेली हातात घ्यायची नाही."

क्लबात शिकवणाऱ्या जॉर्डनच्या बाईंनी टेबलावर काही बंदुका मांडल्या. भाईनं प्रत्येकीची नळी उघडून ती रिकामी असल्याची खात्री केली. काम चोख होतं. सनाची नजर पहिल्यापासून एका लांब, अक्रोडाच्या दस्त्याच्या देखण्या बंदुकीवर होती. भाईनं ती तिला दिली. "कशी वाटते?"

"नाइस."

सना वजनानं मागे झुकली होती. भाईनं बंदूक काढून घेतली. दुसरी दिली. "आय कॅन मॅनेज," सना म्हणाली. तीही काढून घेतली. बाई हसून म्हणाल्या, "हबीबी, ही लहान मुलांचीच आहे." भाईनं ऐकलं नाही. तिसरी सनानं धरली, थोडा वेळ धरून ठेवली आणि खाली घेतली.

"इट्स हेवी, बडे अब्बा. मला नाही होत."

भाई तिथल्या बाकावर बसला. "पुन्हा बोल," म्हणाला. सना गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "जड आहे," ती मराठीत म्हणाली. भाईनं तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग उठून त्यानं सगळ्यात हलकी, आखूड दस्त्याची, वीसबोरची बंदूक उचलली. "आधी मी. धक्का केवढा बसतो ते मला कळू दे." शेताकडेच्या त्या संध्याकाळनंतर त्यानं एकही बार काढला नव्हता. बार झाला, तबकडी तशीच पुढं निघून गेली. त्यानं खांदा चोळला. "झेपेल हिला."

परत येताना सना मागच्या सीटवर झोपली. भाई खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्या दिवशी अब्बांनी मला विचारलं होतं, जड नाही ना रे? मी नाही म्हणालो. हात लटलटत होते, सलीम. मला झेपत नव्हती हे मला माहीत होतं. तू अपघात अपघात म्हणतोस..."

"भाई, तू बारा वर्षांचा होतास."

"सनाही बारा वर्षांचीच आहे. ती बोलली की."

त्याची गाठ सोडवायला म्हणून मी त्याला तिथं नेलं आणि माझ्याच लेकीनं, काही न कळता, ती आणखी घट्ट केली. त्यानंतर काही महिने तो दर शनिवारी येऊन सनाला क्लबात घेऊन जायचा, आणि मग तो गेला. त्या दिवसाचा त्याच्या जाण्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणतात, नसरीनही म्हणते. मी मान हलवतो आणि गप्प होतो. अगदी भाईसारखा.

पण हेही लिहिलं पाहिजे. तो गेल्यावर काही आठवडे सना क्लबात गेली नाही. मागच्या शनिवारी स्वतःहून म्हणाली, "लेट्स गो." ती तीच हलकी बंदूक घेऊन रेषेवर उभी राहिली. नळी खाली जमिनीकडे ठेवून, मागे न वळता तिनं मोठ्यानं विचारलं, "सगळे मागे?"

माझी मुलगी माझ्याशी धड चार वाक्यं मराठीत बोलत नाही. हे भाईनं शिकवलेलं होतं. प्रत्येक बार काढण्याआधी विचारायचं आणि उत्तर आल्याशिवाय बंदूक उचलायची नाही. इतके महिने उत्तर तोच देत असणार. बाईंना तिचा प्रश्न कळला नाही. सना थांबून राहिली. बंदूक खालीच.

मी दोन पावलं मागे सरलो आणि म्हणालो, "सगळे मागे आहेत, बेटा."

मग तिनं बंदूक उचलली.