मोहुर्ल्याचं पोट आणि वासराचं दूध

वाघाचा किस्सा सांगायचा तर आधी वाघ भेटावा लागतो. पोटाच्या किश्श्याला तसलं काही लागत नाही, पोट आपलं चोवीस तास आपल्याबरोबरच असतं! म्हणूनच असे किस्से नुसते साचत जातात.

सन पन्नास-साठच्या दरम्यान मी अहेरीला शाळामास्तर होतो. संध्याकाळी दवाखान्याच्या ओट्यावर आमचा कंपू जमायचा. नागपूरकडचे डॉक्टर, पोस्टमास्तर, मी, आणि दौऱ्यावर नसला तर जंगल खात्यातला फॉरेस्टर मोहुर्ले. चारी बाजूंना जंगल, त्यात वाघ, अस्वल, साप सगळे. पण आमच्या ओट्यावर या सगळ्यांना मागे टाकलं होतं मोहुर्ल्याच्या पोटानं.

मोहुर्ले आरमोरीकडचा, धानाची शेती करणाऱ्या घरातला. उंचापुरा गडी. अस्वल समोर आलं तर बाजूला होऊन त्याला वाट देणारा. असा माणूस एक पेला दुधानं आडवा व्हायचा! आणि दुर्दैव असं, की त्याला जगात दुधाइतकं काहीच आवडत नव्हतं.

* * *

डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं. जंत नाहीत, आमांश नाही, कुठं जखम नाही.

"मोहुर्ले, तुमचं आतडं चिडकं आहे," डॉक्टर म्हणाले.

"चिडकं म्हंजे कसं जी?"

"तुमच्या साहेबासारखं. एरवी कामाला चोख, पण कशावरून भडकेल याचा नेम नाही."

मोहुर्ले हळूच म्हणाला, "मंग साहेबासारखी त्याची बदली नाई होत का जी?"

आम्ही हसलो खरे, पण त्याला हसू येत नव्हतं. कारण तो साहेब खरोखरच भडकलेला होता. मागच्या दोन्ही दौऱ्यांत मोहुर्ले तंबूत पोट धरून पडला होता. साहेबानं सरळ सांगितलं होतं, "अजून एकदा दौऱ्यात आडवा झालास तर आरमोरीला परत पाठवीन." नोकरी लागलेला तो त्यांच्या घरातला पहिलाच माणूस, आणि जंगलावर त्याचा जीव जडलेला. पोटामुळं परत जायचं म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं.

* * *

मग प्रश्न आला दुधाचा. चिडक्या आतड्याच्या माणसानं दूध प्यावं की नाही?

"दूध अमृत आहे! ते कोणाला बाधेल?" पोस्टमास्तर म्हणाले. मग आठवल्यासारखं करून त्यांनीच पुढं सांगितलं, "मला मात्र कधीकधी बाधतं हं."

डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांना एक नियम नाही. कोणाला पेलाभर पचतं, कोणाला चमचाही नाही. काही दिवस बंद करायचं. पोट शांत झालं तर आधी ताक, मग दही, असं एकेक करून बघायचं. पोटच सांगतं, आपण ऐकायचं."

मोहुर्ल्याबरोबर पोस्टमास्तरांनीही दूध सोडलं. मोहुर्ल्याचं पोट हळूहळू निवळलं. पोस्टमास्तरांचं मात्र एरवी ठणठणीत असायचं आणि एखाद्या दिवशी अचानक बिघडायचं. डॉक्टरांनी बारकाईनं चौकशी केली, तेव्हा निघालं की वरून तपासणीला इन्स्पेक्टर येणार असला की आदल्या दिवसापासून पोट बिघडतं!

डॉक्टर म्हणाले, "पोस्टमास्तर, तुम्ही दूध चालू ठेवा. इन्स्पेक्टर बंद करा!"

मनातली भीती आतड्यात कशी उतरते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि खरंच तोंडात बोट घातलं.

* * *

आमची खानावळ चालवायची सखूबाई. मोठी मायाळू बाई. मोहुर्ल्याचं दूध बंद झालं म्हणून तिलाच जास्त वाईट वाटलेलं.

सगळं सुरळीत चाललं असताना मोहुर्ल्याचं पोट पुन्हा बिघडलं. त्याला वांगं बंद केलं, तूरडाळ बंद केली, तिखट बंद केलं, तरी उतार नाही. शेवटी डॉक्टर स्वतः खानावळीत जाऊन चुलीपाशी बसले.

"सखूबाई, खरं सांगा. याच्या चहात दूध टाकता का?"

"बिनदुधाचा चहा सुतकात पितेत जी! धडधाकट पोराले तसा चहा कसा देऊ?"

"म्हणजे टाकता!"

"देवाची आन! दूध नाई टाकत," सखूबाई म्हणाली. "साय टाकतो थोडीशी!"

डॉक्टर तिथंच मांडी घालून हसत बसले. त्या दिवसापासून मोहुर्ल्याचा चहा ते आधी स्वतः बघायचे.

* * *

पोट पुन्हा शांत झाल्यावर ताकाचा दिवस ठरला. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. मोहुर्ल्यानं खरोखरच फुंकलं! पातळ ताक, वर जिरं आणि मीठ. वाटीभर पिऊन तो ओट्यावर बसला. शेजारी पाण्यानं भरलेला लोटा तयार.

आम्ही सगळे त्याच्याभोवती बसलो. पोट जरा गुरगुरलं की सगळ्यांच्या नजरा लोट्याकडं! दिवेलागण झाली, डास चावायला लागले, तरी कोणी उठेना. शेवटी मोहुर्ल्यानं लोटा उचलला. पोस्टमास्तर त्याला वाट द्यायला उठून उभेसुद्धा राहिले.

मोहुर्ल्यानं लोटा तोंडाला लावला आणि घटाघटा पाणी प्यायला.

"पचलं जी, डॉक्टरसाहेब!" तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. सगळ्यांनाच फार आनंद झाला. पुढं दहीही चाललं. दूध मात्र नाही ते नाहीच. डॉक्टरांनी पुन्हा चमचाभर देऊन पाहिलं, तर रात्र त्यानं लोट्याच्याच संगतीत काढली.

* * *

एक किस्सा याच्या आधीचा, मोहुर्ले नवीन होता तेव्हाचा. एटापल्लीच्या पलीकडं माडिया आदिवासींच्या एका गावात तो मुक्कामाला गेला. गावात गाईच गाई. हा खूश! पाटलाला म्हणाला, "पेलाभर दूध मिळन का जी?"

बरोबरच्या नाकेदारानं माडियात विचारलं. जंगलाची राखण करणारा हा नाकेदार त्या भागातलाच. म्हाताऱ्या मालू पाटलानं मोहुर्ल्याला खालून वर न्याहाळलं आणि काहीतरी बोलला. सगळं गाव हसायला लागलं.

"काय म्हणते?" मोहुर्ल्यानं विचारलं.

नाकेदार चाचरत म्हणाला, "तो म्हणते, तू काय वासरू होय का?"

ते लोक गाय पिळत नाहीत. दूध वासराचं, ते माणसानं कसं घ्यायचं? साधी गोष्ट. आम्ही मात्र तांब्यानं दूध पिणारी माणसं!

* * *

आता शेवटचा. हा मी डोळ्यांनी पाहिला आहे.

मालू पाटलाच्या त्याच गावात शाळेसाठी जागा बघायला मला जायचं होतं. मोहुर्लेही निघाला होता, बरोबर तोच नाकेदार. त्याच्या कुपाची, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलपट्ट्याची, पाहणी करायला साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं येणार होता. सगळा डोंगर चढून झाडं दाखवायची होती. मोहुर्ल्यानं वाटेत ताकभाताशिवाय कशाला हात लावला नाही. "आता पडलो तर संपलं गुरुजी," एवढंच तो म्हणाला.

गावात पोचलो तर मालू पाटील त्याच्याकडं बघतच राहिला. मधल्या काळात मोहुर्ले चांगलाच वाळला होता. पाटलानं नाकेदाराला काही विचारलं. नाकेदारानं सरळ सांगून टाकलं, की याचं दूध सुटलं, म्हणून हा असा झाला.

पाटील उठून गेला. ऊन उतरायला लागलं तेव्हा परत आला. हातात तुंबा, वाळक्या भोपळ्याचं भांडं. मागून गावातली बायामाणसं, पोरं. त्यानं तुंबा मोहुर्ल्यापुढं धरला. आत दूध होतं, ताजं, अजून कोमट.

त्या गावात कधी कोणी गाय पिळली नव्हती. आपल्या हातानं पाटलानं ते आज पहिल्यांदा केलं होतं. तो बोलला, ते नाकेदारानं सांगितलं:

"तो म्हणते, वासराले विचारून आणलं."

मी मोहुर्ल्याकडं पाहिलं. त्याचं तोंड उतरलं होतं. प्यायलं तर उद्या साहेबासमोर आडवा, नोकरी गेली. नाही म्हटलं तर या म्हाताऱ्याचं तोंड बघायचं कसं?

"थोडंसं ओठाला लाव आणि ठेव," मी हळूच म्हणालो.

"नाई गुरुजी," मोहुर्ले म्हणाला. "त्यानं वासराच्या तोंडचं आणलं. म्या अर्धं कसं टाकू?"

आणि तुंबा तोंडाला लावून त्यानं सगळं दूध संपवलं.

झोपताना मी त्याच्या उशाशी लोटा भरून ठेवला. तसाच तो सकाळी भरलेला होता. मोहुर्ले घोरत होता! साहेब आला. मोहुर्ले त्याच्यापुढं डोंगर चढला, झाडन् झाड दाखवलं, आणि साहेबच धापा टाकत दगडावर बसला. जाताना म्हणाला, "मोहुर्ले, तब्येत सुधारली तुमची." परत पाठवायची गोष्ट तिथंच मिटली.

अहेरीला आल्यावर डॉक्टरांचा विश्वास बसेना. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "म्हणजे आतडं निवळलं. चला, बघून टाकू." सखूबाईकडून अर्धा पेला दूध आलं, चांगलं उकळलेलं. मोहुर्ले हसतहसत प्यायला.

आमचं बोलणं रंगात आलं होतं, तेवढ्यात तो उठला, लोटा उचलला आणि पळत सुटला.

डॉक्टर रिकाम्या पेल्याकडं बघत बसले. मग त्यांनी मला विचारलं,

"मास्तर, त्या पाटलानं वासराला नेमकं काय विचारलं होतं?"