तोरणामागची दोन भोकं

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस पुसट झाल्या. मलकापूरजवळच्या त्या घराची झाली नाही.

सुटी संपवून निघालेल्या जवानाच्या हातावर दही घालायला त्याची आई नव्या घराच्या दारात उभी होती. दारावर त्याच्या दिवंगत वडिलांच्या नावाचा ग्रॅनाइटचा जड दगड होता. तो सुटून तिच्या डोक्यावर पडला आणि ती जागीच गेली. जवानाने घर बांधणाऱ्या मिस्त्रीविरुद्ध फिर्याद दिली. निष्काळजीपणामुळे मृत्यूचा गुन्हा नोंदवून आम्ही मिस्त्रीला ठाण्यात आणलं.

पहिल्याच प्रश्नाला त्याने हात जोडले. "माझंच चुकलं, सायेब. लिवून घ्या."

इतक्या लवकर कबूल होणारा माणूस मला नोकरीभर कधी पचला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या घराशेजारच्या म्हातारबांनी मला ठाण्याबाहेर गाठलं. "वास्तुशांतीच्या आदल्या दिशी दगूड खाली हुता, सायेब. तोरण लागलं आन् त्यो वर गेला."

मी परत त्या दारात गेलो. विटांच्या सांध्यातून उपटलेले बोल्ट पंचनाम्यात होते. वाळलेलं तोरण मात्र कुणी उचलून पाहिलं नव्हतं, आणि ती चूक माझी. ते बाजूला केलं. मागे दारावरच्या काँक्रीटच्या तुळईत, लिंटेलमध्ये, दोन खोल, स्वच्छ भोकं होती. मिस्त्रीने दगड तिथे पक्का बसवला होता.

जवानाला विचारलं. तो सहज म्हणाला, "व्हय सर, मीच वर घेतला. तोरणानं आबांचं नाव झाकलं जात हुतं. हातभरच घेतला, बोल्ट त्येचंच हायत."

हातभर वर नुसती वीट आणि गिलावा होता. तो भार तिथे टिकणार नाही, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

दगड जागेवरून हलवलाय, हे मिस्त्रीला अपघाताच्या दिवशीच दिसलं होतं. "मग गप्प का बसलास?" मी चिडून विचारलं.

"आवं सायेब, आय तुज्या हातानं गेली, ह्ये त्या पोराला कुणी सांगायचं? मी हितं चार मान्सांत हाय. त्यो तिकडं शिमेवर येकटा."

पण त्यासाठी निर्दोष माणूस आत ठेवता येत नव्हता. सांगायचं काम माझं होतं. त्या दारात उभं राहून मी जवानाला सांगितलं. खरं शोधलं की तपास संपतो, असं मी तोवर मानत होतो.

त्याने हात वर करून त्या दोन भोकांवरून बोट फिरवलं. मग एवढंच विचारलं, "मिस्त्रीला सोडलं का, सर?"