गाठोड्यात काही राहू नये म्हणून

आखाडा बाळापूरच्या बाजारामागे, पत्र्याच्या खोलीत बसून संध्या पुण्याच्या एका कंपनीची हमाली करते. हमाली हा तिचाच शब्द. कंपनीने एका मोठ्या दवाखान्याला सॉफ्टवेअर दिलेलं आहे. त्यातले बदल हुशार मंडळी आधी चाचणीच्या डेटाबेसमध्ये करून पाहतात. मग त्या बदलाचे सगळे तुकडे एका गाठोड्यात बांधून दवाखान्याच्या चालू डेटाबेसमध्ये नेऊन ठेवायचे, हे काम संध्याचं. एवढासा तुकडा मागे राहिला की सोमवारी दवाखान्यात बोंब. कोणता तुकडा कोणी टाकला हे नावानिशी दिसतं, त्यामुळे मानगूट कोणाची धरायची हे शोधावं लागत नाही.

संध्याचं मात्र काही राहत नाही. ही कला तिने आईकडून उचलली. जनकाबाई लग्नांत स्वयंपाक करायला जाते. सामान निघण्याआधी ती अंगणात डोळे मिटून उभी राहते आणि अख्खं जेवण मनातल्या मनात रांधते. चूल मांडली, पेटवू कशानं? काडीपेटी. वरण झालं, वाढू कशानं? पळी. "तिथं असंल म्हणून काई सोडायचं न्हाई," ती म्हणते. "तिथं काईच न्हाई असं धरून चालायचं." संध्याही तेच करते. कुणाचा हात न लागलेला कोरा डेटाबेस उघडते, गाठोडं त्यात सोडते आणि दवाखान्यातल्या माणसासारखी एकेक काम करून पाहते. जिथे अडेल तिथे काहीतरी राहिलेलं असतं.

याच गुणाने तिचा घात केला. तिला दुसऱ्यांचं वाहून नेण्यापेक्षा स्वतः काही घडवायचं होतं, पुण्याच्या नव्या टीममध्ये जायचं होतं. पण सगळी ने-आण शनिवारची, म्हणून कुणाचंही लग्न असो, बाई लॅपटॉपच्या दावणीला. बदली मागितली की वरचे नरसिंग सर गोड बोलायचे, "तुझ्याशिवाय हे कोण करणार?" असलं कौतुक म्हणजे गळ्यातला फास, ओरडायचीही सोय नाही. शेवटी तिनेच कनेरगाव नाक्याची पुजा शोधली, कंपनीत लावली, शिकवून तयार केली. सरांनी अट घातली. एक गाठोडं पुजाने एकटीने, काही न विसरता पोचवायचं, मग संध्या मोकळी.

तो शनिवार आला. पुजाचा फोन आला. "ताई, समदं बराबर बांधलं. संध्याकाळी आपोआप जाईल. चुलतभावाचं लगीन हाये विहारात, निघून राहिले."

संध्याने त्यात डोकावायचं नाही असं ठरलं होतं. पण राहवलं तर ती संध्या कसली! तिने गाठोडं कोऱ्या डेटाबेसमध्ये सोडून पाहिलं. मुदत संपलेलं औषध अडवणारा नवा बदल झकास होता, पण औषध देणाऱ्या माणसाला तो उघडताच येईना. परवानगीचा तुकडाच आत नव्हता. पुजाने तो मागेच कधीतरी चाचणीत हाताने टाकला होता, आणि इथे आहे म्हणजे तिथेही असणार, असं धरलं होतं.

संध्याने लगेच पुजाला फोन लावला. ती उचलेना. सरांना सांगावं तर आपल्याच दाराला आपल्याच हाताने कुलूप. गप्प बसावं तर सोमवारी औषधांच्या खिडकीपुढे आजारी माणसं ताटकळणार. तिला फार राग आला, पुजाचा, सरांचा आणि स्वतःच्या या न विसरण्याचा. घाईघाईने तिने तो तुकडा उचलून गाठोड्यात सारला. गाठोडं गेलं. सोमवारी खिडकी उघडली, औषधं मिळाली, कुठे हूं की चूं नाही.

संध्याने माळ्यावरची बॅग उतरवली. जनकाबाई सोबत द्यायला शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली.

दुपारी सरांचा फोन आला. "गाठोडं तपासलं. सगळे तुकडे पुजाच्या नावावर आहेत, परवानगीचा तेवढा तुझ्या नावावर दिसतोय."

बॅगेत भरायला घेतलेली साडी संध्याने बाजूला ठेवली.

"वाचवलंस गं. म्हणूनच म्हणतो, तुझ्याशिवाय..." पुढचं तिने ऐकलंच नाही.

"काय म्हणले?" जनकाबाईने विचारलं. "कवा निघायचं?"

"न्हाई निघायचं, आई. समदं ध्यानात ठेवलं, माझं नाव लपवायचं तेवढं राहिलं." संध्याला रडू आवरेना.

आईला काही उमगलं नाही. तिने कुटणं थांबवलं. तेवढ्यात लॅपटॉप वाजला. पुढच्या शनिवारचे तुकडे यायला लागले होते.