भर कालव्यात बॅटऱ्या बसल्या

माझा नवरा दुबईच्या कालव्यात विजेवरची लाकडी बोट चालवतो. धक्क्याला लागली की जाड केबलने किनाऱ्याची वीज मिळते, बॅटऱ्या भरतात. केबल काढली की दिवे, एसी, मोटर, सगळं त्याच बॅटऱ्यांवर. हे तो मला दर जुम्म्याला सांगतो, आणि मी दर जुम्म्याला हो हो म्हणते.

त्या दिवशी लेकीला बघायला शारजाहून मुलगा आणि त्याची आई आली, आणि बघण्याचा कार्यक्रम आम्ही नवऱ्याच्या बोटीवरच ठेवला. मूळचे आमच्या रत्नागिरीकडचेच. पोरं सिलिकॉन ओएसिसला एकाच ऑफिसात, एकमेकांना पसंत. अडलं होतं आईपाशी. तिला घर सांभाळणारी सून हवी होती, आणि माझी लेक इलेक्ट्रिकल इंजिनियर! मी बजावलं, "आज इंजिनियरगिरी नको. सलाम कर आणि गप्प बस."

"मम्मी, दॅट्स नॉट फेअर."

फेअर गेलं चुलीत. आधी लग्न जमू दे.

बोट सुटली. आता सोयऱ्यांपुढे घरून वाफवून आणलेली सांदणं गारच ठेवायची? आमच्यात तसं केलं तर नातवंडांपर्यंत ऐकावं लागतं. मी नवऱ्याच्या नकळत विजेचा स्टीमर लावला, शेजारी चहाची किटली, आणि बाईंना घाम येतोय म्हणून एसी आणखी वाढवला. भर कालव्यात मोटर कण्हली आणि खलास. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की मी स्टीमरवर ओढणीच टाकली.

लेक उठली. स्टीमर, किटली, एसी सगळं बंद केलं, फळी उचलून खाली वाकली आणि मुलाला म्हणाली, "टॉर्च धर." त्याने मुकाट धरला. थोड्या वेळाने मोटर सुरू झाली. "लोड जास्त झाला होता. स्लोली गेलो तर पोचू."

गोगलगायीसारखे परत निघालो. मुलाची आई घामाने चिंब. पोरीचं वाटोळं मीच केलं, असं मला वाटलं.

"भाभी," ती शेवटी म्हणाली, "हिला गप्प बसायला तुम्हीच सांगितलंत ना?"

मी मान हलवली.

"मीही लेकाला तेच सांगून आणलं होतं. दोघी वेड्या आपण." तिने माझ्या लेकीला काळ्या हातांसकट जवळ बसवलं. "नोकरी सोडू नकोस हं."

"नाही सोडणार, अम्मी."

मी तर मम्मी. ही अम्मी कोण, हे कळायला मला क्षणभर लागलं. मग मी तोंड फिरवून रडले, आणि खरं सांगते, एवढी खूश मी माझ्या स्वतःच्या निकाहलाही नव्हते.